खुब्याचा गोळा निसटत का नाही?

उखळीचा सांधा शिकवताना आपण मुठीत चेंडू धरून दाखवतो. एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "चेंडू निसटत का नाही?" 'स्नायू आणि अस्थिबंध' एवढे सांगून आपण पुढे जातो.

विल्हेल्म आणि एदुआर्द वेबर या जर्मन भावांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. (चुंबकीय अभिवाहाचे एकक 'वेबर' हे यातल्या विल्हेल्मच्याच नावाचे.) 1836 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी मृतदेहावरचा एक प्रयोग दिला आहे. खुब्याभोवतीचे स्नायू कापले, सांध्याचे आवरणही कापले. तरी लटकता पाय खाली येईना. मग आतल्या बाजूने खोबणीला भोक पाडले. हवा आत शिरली आणि पाय निसटला! भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून तो उलटा धरण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो, त्यातलेच हे तत्त्व.

पण सांधा घट्ट धरणारी हीच गोष्ट डॉक्टरांच्या वाटेत आली. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि 1931 मध्ये लिहिले, की खुब्याचा गोळा आणि खोबण यांच्यामध्ये सुई घालणे अशक्यच आहे. पुढे 1970 आणि 80च्या दशकांत वाट सापडली. रुग्णाला भूल द्यायची, पाय ताणायचा आणि सुईतून आत हवा किंवा द्रव जाऊ द्यायचा. वेबर बंधूंचे भोकच म्हणा ना! मग सुमारे एक सेंटीमीटर फट पडते.

या फटीतून खोबणीच्या तळाशी एक जुना परिचित दिसतो. गोळ्याला खोबणीशी जोडणारा, जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा गोल अस्थिबंध. लहानपणी गोळ्याला थोडे रक्त पोचवण्यापलीकडे त्याला काम नाही, असे पुष्कळ जण मानत. दुर्बिणीतून मात्र दुखऱ्या खुब्यांत तो तुटलेला आढळू लागला. इंग्लंडमधील ग्रे आणि व्हिलर यांनी 1997 मध्ये त्याचे तीन प्रकार केले: पूर्ण तुटलेला, अर्धवट तुटलेला आणि झिजलेला. खोबण उथळ किंवा सांधे फार लवचीक असले, तर हा दोर कामाचा ठरतो.

2011 मध्ये व्हिलर आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून कृत्रिम अस्थिबंध बसवल्याचे प्रसिद्ध केले. नंतर अमेरिकेत रुग्णाच्याच मांडीवरील पट्टा वापरला गेला. ही शस्त्रक्रिया अजून मोजक्याच रुग्णांवर झाली आहे. गोळ्यातून बोगदा पाडून दोर थेट खोबणीच्या तळाशी रोवायचा असतो. तिथले हाड पातळ आणि त्यापलीकडे लगेच रक्तवाहिन्या व चेता.