प्रयोगापूर्वीची तालीम

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द रंगभूमीवरही चालतो आणि विज्ञानशाळेतही. नाटकाचा प्रयोग तालमीवाचून उभा राहत नाही, हे सर्वांना मान्य आहे. विज्ञानाच्या प्रयोगाला मात्र विद्यार्थ्याने तालमीवाचूनच सामोरे जावे, अशी आपल्याकडील जुनी वहिवाट. ब्युरेट प्रथमच हाती येते. द्रवाची पातळी डोळ्यांसमोर आणून वाचावयाची, हे कळेपर्यंत तास संपतो आणि शेजाऱ्याच्या वहीतील आकडे निमूटपणे आपल्या वहीत उतरतात. त्यावर उपाय म्हणून प्रयोगाच्या आधी पाच-दहा मिनिटांची चित्रफीत दाखविण्याची पद्धत आता रूढ होत आहे. ती नवी भासते. परंतु तिच्यामागील विचार जुना आहे, आणि त्याचा एक धागा बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील शेडांपर्यंत जाऊन पोहोचतो.

1972 साली सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार झाला आणि उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक चमू पीण्यात दाखल झाला. उपग्रह त्यांपैकी कोणीच बांधला नव्हता. कारखान्यासाठी उभारलेल्या शेडांत त्यांनी धूळमुक्त खोल्या केल्या, आणि प्रत्यक्ष उपग्रहाआधी निरनिराळ्या चाचण्यांसाठी त्याच्या प्रतिकृती घडविल्या. ही तालीमच होती. 19 एप्रिल 1975 रोजी 360 किलोग्रॅम वजनाचा ‘आर्यभट’ अवकाशात गेला. पाचव्या दिवशी वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. उपग्रहाशी संपर्क मात्र पुढे कित्येक वर्षे टिकला. तालमीने चुका कमी होतात, नाहीशा होत नाहीत, हा धडा त्यातून मिळाला.

त्याच वर्षी 1 ऑगस्टला अमेरिकेच्या ‘एटीएस-6’ या उपग्रहाच्या साहाय्याने ‘साइट’ हा दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. त्याची धुरा कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती. सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत संच बसले. कर्नाटकातील खेडी विजापूर, गुलबर्गा व रायचूर या जिल्ह्यांतील होती. सकाळी मुलांसाठी प्रत्येक भाषेत साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम असे. त्याहून महत्त्वाचे होते ते शिक्षकांचे प्रशिक्षण. जवळजवळ 50,000 प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे हे दाखविण्यात आले. आणि ते केवळ पडद्यावर नव्हे. चित्राच्या जोडीला रेडिओ होता, मार्गदर्शक पुस्तिका होत्या आणि सोप्या साहित्याने स्वहस्ते करावयाच्या कृतीही होत्या. पाहणे ही पहिली पायरी आणि करणे ही दुसरी, असा तो क्रम होता.

31 जुलै 1976 रोजी उसन्या उपग्रहाची मुदत संपली. उसनवारीवर शाळा चालत नाही, हे त्या दिवशी उघड झाले. स्वतःचा दळणवळण उपग्रह हवा, या निश्चयातील एक मोठे पाऊल पुन्हा पीण्यातच पडले. तेथील शेडांत बांधलेला ‘ॲपल’ 19 जून 1981 रोजी ‘एरियान’ अग्निबाणाने गेला. चाचणीच्या वेळी धातूच्या वाहनाचा व्यत्यय नको म्हणून तो बैलगाडीवर ठेवण्यात आला होता. ते छायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. अवकाशात त्याचे एक सौरपंख उघडलेच नाही. तरीही अभियंत्यांनी त्याच्याकडून दोन वर्षांहून अधिक काळ काम करून घेतले. पुढे 20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ सोडण्यात आला. त्याच्या आरंभीच्या योजनेत बेळगावचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा समावेश होता.

आज पडदा विद्यार्थ्याच्या खिशात आला आहे. त्यामुळे जुना प्रश्न अधिकच तातडीचा झाला आहे. चित्रफितीत द्रावणाचा रंग नेमका वेळेवर बदलतो, तार तुटत नाही, काचनळी फुटत नाही. जेथे प्रयोगशाळेला कुलूप आहे, तेथे अशी निर्दोष चित्रफीत हीच प्रयोगाची जागा घेऊ पाहते. ‘साइट’च्या योजकांनी पडद्याशेजारी कृती ठेवली होती, ती हा धोका ओळखूनच ठेवावी तशी. आधी पाहून आलेला विद्यार्थी उपकरण कसे धरावे यात वेळ दवडीत नाही. उत्तर असे का आले, हे विचारण्यास त्याला सवड मिळते. तालमीचे प्रयोजन एवढेच. पीण्यातील अभियंत्यांनी प्रतिकृती घडविल्या, त्या खऱ्या उपग्रहाला हात घालता यावा म्हणून. तालीम पाहूनच प्रेक्षकाने घरी जावे आणि नाटक कधी होऊच नये, अशी व्यवस्था कोणी केली, तर तिला रंगभूमी म्हणता येणार नाही. आणि विज्ञानशिक्षणही म्हणता येणार नाही.