‘हरवलेले भाग सापडले!’ : ‘डॉक्टर हू’च्या अफवा कुठून येतात, त्यात खरं किती?

जुन्या मालिकेचे पुसले गेलेले भाग अचानक कुठल्यातरी गोदामात सापडले, ही बातमी ऐकली की रसिकांना राहवत नाही. फोन फिरतात, मेसेज पुढे ढकलले जातात आणि दोन दिवसांत एका डब्याचे शंभर डबे होतात. या प्रकारातली जगातली सगळ्यांत गाजलेली अफवा ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’बद्दलची. ती साफ खोटी नव्हती आणि पूर्ण खरीही नव्हती. म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे.

मालिका कोणती?

‘डॉक्टर हू’ बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. निळ्या रंगाच्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळात मागेपुढे फिरणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. नट बदलला की डॉक्टरने नवं शरीर घेतलं असं दाखवायचं, या युक्तीमुळे मालिका कितीही वर्षं चालवता आली. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल, दुसरा पॅट्रिक ट्राउटन. या दोघांच्या काळात, म्हणजे १९६३ ते १९६९ या सहा वर्षांत, कृष्णधवल २५३ भाग झाले. हरवलेले सगळे भाग याच काळातले आहेत.

भाग हरवले कसे?

चोरी झाली नाही, आग लागली नाही. बीबीसीनेच ते पुसले. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या वेळचा हिशेब बघितला तर कारण कळतं.

दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती. एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा घेता यायचा. कलाकारांच्या संघटनेशी केलेल्या करारामुळे जुना कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या आणि दाखवला तर मानधन पुन्हा द्यावं लागे. घरी कॅसेट लावून बघण्याची सोय तेव्हा कुणाकडे नव्हती. त्यात रंगीत टीव्ही आला, मग कृष्णधवल मालाला विचारणार कोण? व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा न खपणारा साठा होता आणि जागा अडवत होता.

टेप पुसण्याआधी परदेशी विक्रीसाठी बहुतेक भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रती काढल्या जात. हे काम बीबीसीच्या विक्री विभागाचं, टेप सांभाळणारा विभाग वेगळा. एकाला वाटायचं दुसऱ्याकडे प्रत आहे, दुसऱ्याला वाटायचं पहिल्याकडे आहे. विक्रीच्या कराराची मुदत संपली की विक्री विभागही आपल्या फिल्म टाकून देऊ लागला. १९७८ मध्ये इयान लेव्हिन हा मालिकेचा चाहता तिथे पोचला आणि डॅलेकच्या पहिल्या कथेच्या फिल्म नष्ट व्हायच्या बेतात असताना त्याने ते थांबवलं. त्याच सुमाराला बीबीसीने स्यू माल्डेन यांना जतनासाठी कार्यक्रम निवडण्याच्या कामावर नेमलं. तेव्हा कुठे मोजदाद सुरू झाली.

मग सापडतात ते कुठून?

परदेशी गेलेल्या प्रतींमुळे. एका देशाच्या केंद्राने भाग दाखवले की त्याच फिल्म पुढच्या देशाला पाठवायच्या, नाहीतर परत करायच्या, नाहीतर नष्ट करून तसं कळवायचं, अशी पद्धत होती. प्रत्येक ठिकाणी हे इमानेइतबारे झालंच असं नाही. काही डबे कपाटातच राहिले, काही कचऱ्यातून कुणीतरी उचलून घरी नेले. २०१३पर्यंतची जमा बाजू साधारण अशी :

- १९८३ : दक्षिण लंडनमधल्या एका मॉर्मन चर्चच्या तळघरात दोन भाग.
- १९८०च्या दशकाच्या मध्यावर : नायजेरिया आणि सायप्रस इथल्या टीव्ही केंद्रांकडून काही भाग.
- १९९१ची अखेर : हाँगकाँगमधून ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची संपूर्ण कथा. यानंतर हरवलेल्या भागांचा आकडा ११० राहिला.
- १९९९ : न्यूझीलंडमधल्या एका संग्राहकाकडे एक भाग.
- २००४ : बीबीसीच्या एका माजी इंजिनिअरकडून एक भाग.
- २०११ : शाळेच्या जत्रेत जुन्या फिल्म विकत घेतलेल्या एका निवृत्त इंजिनिअरकडे दोन भाग. आपल्याकडचे भाग हरवलेल्यांच्या यादीत आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं.
- २०१३ : नायजेरियातून नऊ भाग. आकडा ९७ वर आला.

बेरीज करून बघा. हाँगकाँगच्या शोधानंतर बावीस वर्षांत मिळाले फक्त तेरा, त्यातले नऊ एकाच ठिकाणी. शोधाचा खरा वेग हा असा आहे. अफवेचा वेग मात्र वेगळा असतो.

२०१३ची महाअफवा

२०१३ हे मालिकेचं पन्नासावं वर्ष. त्याच्या आधीपासूनच चाहत्यांत कुजबुज होती की आफ्रिकेत मोठं घबाड सापडलंय. जूनमध्ये ती उघड छापून आली. आकडा सांगितला जात होता नव्वदच्या आसपास. म्हणजे हरवलेलं जवळपास सगळंच! चाहत्यांनी तिला ‘ऑम्नीरूमर’ असं नाव दिलं. सगळ्या अफवा पोटात घेणारी एक अफवा, असा त्याचा अर्थ.

या सगळ्यात एक नाव घेतलं जात होतं : फिलिप मॉरिस. जुने टीव्ही कार्यक्रम शोधण्यासाठी देशोदेशीची केंद्रं पालथी घालणारा हा माणूस. त्याने जूनमध्ये जाहीर सांगितलं की आपल्या संस्थेकडे ‘डॉक्टर हू’चे हरवलेले भाग नाहीत. चाहत्यांचे लगेच दोन तट पडले. एक म्हणे, विषय संपला. दुसरा म्हणे, नाकारतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका ब्रिटिश वृत्तपत्राने तर इथिओपियात शंभरावर भाग सापडल्याचं छापलं.

आणि १० ऑक्टोबर २०१३ रोजी बीबीसीने लंडनमध्ये पत्रकारांना बोलावून खरंच घोषणा केली. नायजेरियातल्या जॉस शहरातल्या टीव्ही केंद्राच्या साठवणीच्या खोलीत मॉरिसला अकरा भाग मिळाले होते. त्यातले नऊ हरवलेल्या यादीतले होते. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली. ‘द वेब ऑफ फिअर’ एक भाग सोडून पूर्ण झाली. दुसऱ्याच दिवशी ते भाग विक्रीला आले.

म्हणजे अफवा खरी निघाली का? देश चुकला होता, आकडा दहापट फुगला होता, पण ‘काहीतरी सापडलंय’ एवढा गाभा बरोबर होता. इथेच खरी गोम आहे. या अर्ध्या सत्याने पुढच्या प्रत्येक अफवेला भांडवल दिलं. ‘तेव्हाही नाकारलं होतं, शेवटी निघालंच ना?’ हा युक्तिवाद तेव्हापासून चालू आहे. ‘नऊ दाखवले, बाकीचे दडवून ठेवलेत’ असं अनेक वर्षं बोललं गेलं. त्या कथित नव्वदांमधलं पुढे काही बाहेर आलं नाही.

गंमत म्हणून सोडून द्यावं का?

नाही, कारण यात नुकसान होतं. ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग त्याचं उदाहरण आहे. मॉरिसच्या सांगण्यानुसार त्याने जॉसला पहिल्यांदा डबे बघितले तेव्हा सहाही भाग होते. परवानग्या मिळून डबे हाती येईपर्यंत तिसरा गायब झाला होता. वस्तूची किंमत आहे हे कळलं की ती जागेवर राहीलच याची खात्री नसते. शोधणारे तोंड मिटून बसतात त्यामागे हे एक कारण असतं.

दुसरं कारण संग्राहकांची भीती. ज्यांच्याकडे जुन्या फिल्म आहेत, त्यांची मालकी कायद्याच्या नजरेत अनेकदा स्पष्ट नसते. ब्रिटनचे प्रसिद्ध विनोदी कलाकार बॉब मंकहाउस यांच्यावर त्यांच्या फिल्मसंग्रहावरून खटला भरला गेला होता. १९७९ मध्ये ते निर्दोष सुटले, पण संग्राहकांच्या मनात धाक बसला. त्यात अफवा उठली, दारात लोक आले, नावं घेतली जाऊ लागली की असा माणूस आणखी आत दडतो. दरम्यान फिल्म काही थांबून राहत नाही. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, मग ती आकसते, वाकडी होते. संग्राहकही वयस्कर होत चाललेत.

अफवा पारखायची कशी?

१. आकडा बघा. एकदोन भाग म्हणत असतील तर ऐकून घ्या. ‘सगळेच सापडले’ म्हणत असतील तर सावध व्हा.

२. कोणते भाग, ते विचारा. १९६५च्या नाताळात दाखवलेला ‘द फीस्ट ऑफ स्टीव्हन’ हा भाग परदेशी विक्रीच्या संचात नव्हताच. जो म्हणेल की परदेशातल्या केंद्रात सगळे भाग मिळाले, त्याला हाच भाग विचारावा.

३. कागद आहे का? कुठल्या देशाला कोणती कथा विकली, प्रती पुढे कुठे गेल्या, याच्या नोंदी चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी बारकाईने जुळवल्यात. ज्या गावाला माल गेलाच नाही, तिथल्या गोदामात तो निघणार कसा?

४. पैसे मागतोय का? १९९२ मध्ये ‘द टेन्थ प्लॅनेट’चा हरवलेला चौथा भाग आपल्याकडे आहे असं सांगत रॉजर के. बॅरेट नावाने एक जण पुढे आला होता. ती थाप निघाली. पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटचं खरं नाव त्याने वापरलं होतं!

५. डबा कुणी उघडून बघितला? ‘माझ्या ओळखीच्या माणसाच्या ओळखीच्याने’ हा पुरावा नाही.

आपल्याकडेही असंच

भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१चा. त्याची एकही प्रत उरलेली नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ साली आग लागली, तेव्हा शेवटची प्रत जळाली असं नंतर सर्रास छापलं गेलं. संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी ते खोडून काढलं. १९६४ मध्ये संग्रहालय उभं राहिलं त्याआधीच चित्रपट गेला होता, असं त्यांचं म्हणणं. तरी आगीची गोष्ट अजून फिरते. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातले अनेक कार्यक्रमही टेप पुन्हा वापरल्यामुळे गेले.

‘डॉक्टर हू’ प्रकरणात एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण त्या काळात काही पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून घरबसल्या ध्वनिमुद्रण केलं होतं. त्याच आवाजावर बीबीसीने पुढे काही कथांची ॲनिमेशन तयार केली. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरने कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जपले गेले होते, तेही १९९६ मध्ये हाती आले. पूर्ण भाग नाहीत, पण कापलेली दृश्यं आहेत!

बेळगावपासून बडोद्यापर्यंत आणि इंदूरपासून हैदराबादपर्यंत मराठी घरांत, मंडळांत, वाचनालयांत जुन्या कॅसेट आणि फिल्मचे डबे पडून असतात. कुणाच्या संमेलनाचं ध्वनिमुद्रण, कुणाच्या हौशी नाटकाची व्हिडिओ कॅसेट. ते रद्दीत घालण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचा, वर्ष आणि प्रसंग कागदावर टिपून ठेवा, ओल आणि ऊन यांपासून लांब ठेवा. जुनाट यंत्रावर चालवून बघायची घाई करू नका, टेप अडकून तुटते. आंबट वास येत असेल तर डबा इतरांपासून वेगळा ठेवून जाणकाराला दाखवा. आणि काही मोलाचं निघालं तर आधी ग्रुपवर टाकू नका. त्याची प्रत होऊ द्या, मग बातमी सांगा.