कंपन्या अनेक, पेढी एकच

कंपनी भागधारकांची असते, असे आपल्याला पुस्तकात शिकवतात. भारतीय उद्योगांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. इथे शंभराहून अधिक वर्षे पैसा भागधारकांचा आणि सत्ता पेढीची होती. या व्यवस्थेचे नाव मॅनेजिंग एजन्सी.

पद्धत साधी होती. पेढी कंपनी काढायची, भाग विकून लोकांचा पैसा गोळा करायची आणि कारभाराचा दीर्घ मुदतीचा करार स्वतःच्याच नावे करून घ्यायची. मग दुसरी कंपनी, मग तिसरी. कलकत्त्याच्या अँड्र्यू यूल पेढीकडे ताग, चहा आणि कोळसा असे तिन्ही धंदे होते. अशा व्यवस्थेत गिरणीसाठी कोळसा घेणारा आणि खाणीतून तो विकणारा एकच असू शकत होता. भाव कोणाच्या हिताचा ठरला, हे सामान्य भागधारकाने कसे ओळखायचे?

मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला एजंटाचे कमिशन तयार मालावर पौंडामागे पाव आणा असे. गिरणी नफ्यात आहे की तोट्यात, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. माल निघाला की कमिशन पक्के. तोटा भागधारकाचा, पगारकपात कामगाराची.

या पेढ्यांशिवाय मोठे उद्योग उभेच राहिले नसते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. 1907 मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली, तेव्हा इतकी वर्षे थांबणारे भांडवल उभे करायला नाव असलेली पेढी लागतच होती. पण भांडवल उभे करणे वेगळे आणि त्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या निर्णयाचा मक्ता घेणे वेगळे. वडिलांकडून मुलाकडे जाणारी ही सत्ता आपल्या समाजाला नवी नाही. जातही अशीच चालते.

कापड खात्यातील जातिभेद मोडणे या मालकांना अशक्य नव्हते. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणकामात घेऊ देत नसत. त्या खात्यात मजुरी जास्त होती. 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट मांडला. लाखोंचे व्यवहार एका सहीने फिरवणाऱ्या पेढ्यांनी मात्र ही प्रथा मोडण्यासाठी आपली सत्ता वापरली नाही.

कायद्याने या व्यवस्थेला हळूहळू वेसण घातली. 1936 च्या दुरुस्तीने एजंटाची मुदत 20 वर्षांवर आणली. 1956 च्या कंपनी कायद्याने एका एजंटाकडील कंपन्यांची संख्या दहावर मर्यादित केली. अखेर 3 एप्रिल 1970 पासून मॅनेजिंग एजन्सी बंद झाली. घराणी मात्र संपली नाहीत. एकमेकींतील भाग आणि सामाईक संचालक यांच्या आधारे समूह चालूच राहिले.

बाबासाहेबांनी 1938 मध्ये मनमाडला कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी तरतूद सुचवली. उद्योगाच्या किल्ल्या खासगी हाती राहिल्या, तर मताचा अधिकार मिळूनही माणूस मालकाच्या हुकमाखालीच राहील, हे त्यांनी ओळखले होते.

आज सरकारी उद्योग विकले जातात, तेव्हा चर्चा किमतीची होते. पण सरकारी नोकरीतील आरक्षण खासगी समूहाला लागू नाही. म्हणजे कारखान्याबरोबर आपल्या मुलांसाठीचे दारही विकले जाते. म्हणून प्रश्न एकच विचारायचा : निर्णय घेणाऱ्या टेबलाभोवती कोण बसले आहे, आणि त्यांना तिथे कोणी बसवले?