‘पगार’ आणि परकी क्रियापदे

निजामाच्या राज्यातील भोकरला पोर्तुगीज सत्ता कधी पोचली नाही. ‘पगार’ मात्र पोचला. पोर्तुगीजमध्ये हे क्रियापद आहे, अर्थ पैसे चुकते करणे. मराठीने त्याचे नाम केले आणि त्याला आपली क्रियापदे जोडली: पगार होतो, मिळतो, कापला जातो. चावी, घमेले, लिलाव ही नामे तशीच आली. पण मराठीने पोर्तुगीजांचे क्रियापद क्रियापद म्हणून घेतले नाही, हे आम्हांला अधिक लक्षणीय वाटते.

थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात आला, १६१६ साली त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. कोकणीचे व्याकरण त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला प्रसिद्ध झाले. त्याच्या मायबोलीत माणूस भुकेला ‘असतो’, पोर्तुगीजमध्ये भूक माणसा‘जवळ असते’, कोकणी-मराठीत ती माणसाला ‘लागते’. हे ‘लागणे’ परकीयाला समजावणे किती अवघड, हे अनुवाद शिकवणारा जाणतो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत हल्ली माणसे आंघोळ ‘घेतात’. इंग्रजही घेतात, पोर्तुगीजही. ‘पगार’ घेताना मराठीचे क्रियापद शाबूत होते. इथे नाम आपले आणि क्रियापद उसने. ‘आंघोळ करणे’ आहे, ‘न्हाणे’ आहे, तरीही.