परळची प्रयोगशाळा आणि तिचे साहाय्यकर्ते

मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्थेस १० ऑगस्ट २०२४ रोजी १२५ वर्षे पूर्ण झाली. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत एका वैद्यकीय संशोधन-संस्थेच्या इतिहासास स्थान कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, ही संस्था केवळ सरकारी तिजोरीच्या बळावर रुजली नाही. ज्या काळी संकटसमयी मनुष्याचा पहिला आधार त्याची ज्ञाती हाच असे, त्या काळी निरनिराळ्या समाजांतील माणसांनी आपला हात पुढे केला. तो दानासाठी तर केलाच, पण टोचून घेण्यासाठीही केला. या दुसऱ्या दानाचे स्मरण करून देणे हा या लेखाचा हेतू होय.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रोगी तपासताना डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी ही ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ होय, हे प्रथम ओळखले. पाहता पाहता शहर ओस पडू लागले. सरकारने १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा केला. घरझडत्या व सक्तीची विलगता यांनी लोक संतापले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच वर्षी मुंबईत दुसराही एक इतिहास घडत होता. त्याची आठवण मात्र विरळ झाली आहे.

व्लादिमीर हाफकिन हे १८६० मध्ये ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली व १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले. प्लेग उद्भवताच ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांस मुंबईस पाचारण करण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, मोजक्या मदतनिसांसह त्यांनी काम आरंभिले. मांसरसाच्या पृष्ठभागी तुपाचे थेंब तरंगत ठेवले असता प्लेगचे जंतू त्यांस धरून विपुल वाढतात, असे त्यांस आढळले. आपल्या घरचे तूप असे विज्ञानाच्या कामी आले! हे जंतू उष्णतेने मारून लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा कैद्यांपैकी अनेकांनी ती स्वेच्छेने घेतल्याची नोंद आहे. तुरुंगातील स्वेच्छा कितपत मोकळी असते, हा प्रश्न सुज्ञांनी मनाशी ठेवावा. मात्र लस घेतलेल्यांत रोग व मृत्यू कमी झाले, हे तेथेच दिसून आले. ज्यांच्या देहावर हे सिद्ध झाले, त्या बंदिवानांची नावे आज कोणाच्याही ओठी नाहीत.

लस सिद्ध झाली, तरी लोकांचा विश्वास सिद्ध व्हावयाचा होता. टोचल्याने मनुष्य मरतो, धर्म बुडतो, अशा वावड्या उठत होत्या. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी, वयाची विशी गाठण्याच्या सुमारास, आपल्या अनुयायांसमक्ष स्वतःस लस टोचून घेतली. त्यांचे पाहून सहस्रावधी खोजांनी ती घेतली. एवढ्यावर न थांबता त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस दिला. पारशी, जैन आदी समाजांनी आपापली प्लेग-रुग्णालये उघडली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी असे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगनेच अंत झाला. त्यानंतर महिनाभरात, १० मार्च रोजी, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला. त्यांनी रोगी उचलताना त्याची जात पाहिली नाही.

प्रयोगशाळेस कायमचे घर मिळाले ते परळच्या जुन्या गव्हर्नरवाड्यात. सन १८८२ मध्ये तेथे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या व पुढे गव्हर्नरांनी तो वाडा सोडला. साथीच्या भयाने सुटलेली वास्तू साथींशी झुंजणाऱ्यांचे ठाणे झाली. तिचे उद्घाटन १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले.

यशामागून अरिष्टही आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एका बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी आला व त्यांचे काम काढून घेण्यात आले. सर रोनाल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कोठे १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. सन १९२५ मध्ये संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले; १९३० मध्ये ते लोझान येथे निवर्तले. आपल्या टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

संस्थेचे कार्य पुढे विस्तारतच गेले. उंदरावरील पिसवांच्या द्वारे प्लेग पसरतो, हे ठामपणे प्रस्थापित करण्याच्या कामी परळचे संशोधन मोलाचे ठरले. सन १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे पहिले भारतीय संचालक झाले. येथे तयार झालेल्या सर्पविषावरील लसीने किती शेतकऱ्यांचे प्राण वाचविले असतील, त्याची गणती कोण करील? सत्तरीच्या दशकात लसनिर्मितीचे काम वेगळ्या महामंडळाकडे गेले आणि मूळ संस्थेकडे संशोधन, परीक्षण व अध्यापन राहिले.

आता ज्ञातिबांधवांपुढे एक विचार नम्रपणे ठेवतो. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्ञातींनी रुग्णालये काढली, ती बहुधा आपापल्या माणसांसाठी. ते त्या काळास धरून होते आणि त्याने जीव वाचले, म्हणून त्यांस उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु परळच्या कुपीतील लस कोणत्या ज्ञातीच्या दंडात जाणार, हे कुपीस ठाऊक नव्हते. ती सिद्ध करणारा परधर्मी व परदेशी होता. तिचा लाभ मात्र आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने घेतला. हे ऋण ज्ञातीच्या हिशेबवहीत कोठे मांडावयाचे?

आम्हांस एकच मार्ग सुचतो. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून प्रतिवर्षी निदान एक शिष्यवृत्ती वैद्यकीय संशोधन करणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यास द्यावी आणि ती देताना त्याची जात विचारू नये. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्ञातीने ज्ञातीपलीकडे पाहणे म्हणजे ज्ञाती विसरणे नव्हे. तिचे मोठेपण वाढविणेच होय. कार्यकारी मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार करावा, एवढी प्रार्थना करून हा लेख संपवितो.