खरखर

परवा रात्री मोंझाच्या सरळ रस्त्यावर माझी गाडी मधेच दचकू लागली. गाडी म्हणजे अर्थात पडद्यावरची. पहिलं वळण अजून खूप लांब होतं, ब्रेकवर पाय नव्हता, तरी क्षणभर ब्रेक लागल्यासारखं व्हायचं. सेटिंगमध्ये जाऊन पेडलची रेघ पाहिली, तर पाय बाजूला असतानाही ती थरथरत होती.

पहिला विचार आला, टाकून द्यावं आणि नवीन घ्यावं. दुसरा विचार आला तो आमच्या घरच्या जुन्या रेडिओचा. त्याचं बटण फिरवलं की आवाजाबरोबर खरखरही वाढायची. दोन्हींचं दुखणं अगदी एकच! रेडिओच्या बटणामागे असतो तोच पोटेन्शियोमीटर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत पॉट, माझ्या पेडलच्या सांध्यातही बसवलेला आहे. आत कार्बनची एक गोलाकार पट्टी आणि तिच्यावर घासत सरकणारा धातूचा छोटा पत्रा. पत्रा कुठे आहे त्यानुसार व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून पेडल किती दाबलं ते संगणकाला कळतं. घासणं आलं की झिजणंही आलंच.

किती टिकावं याने? साध्या कार्बन पॉटचं आयुष्य साधारण दहा-पंधरा हजार फेऱ्यांचं धरतात. मोंझाच्या एका फेरीत सहा ठिकाणी जोरात ब्रेक लावावा लागतो. संध्याकाळी वीस फेऱ्या मारल्या तर १२० वेळा. म्हणजे १५,००० चा आकडा गाठायला १२५ संध्याकाळी पुरतात. हिशेब ढोबळ आहे. पेडल पॉटला पूर्ण फिरवत नाही, आणि आयुष्य संपलं म्हणजे पॉट लगेच मरतोच असं नाही. पण उलट बाजूने, पेडल रोज पट्टीचा तोच तुकडा घासतं, आणि पाय उचलला की पत्रा दर वेळी त्याच जागी येऊन टेकतो. माझी खरखर नेमकी तिथेच होती.

मग प्रश्न पडला, हे माहीत असूनही बनवणाऱ्यांनी पॉटच का वापरला? आणि तिथून मी इतिहासात शिरलो.

अटारीचं ग्रॅन ट्रॅक १० हे १९७४ सालचं यंत्र. स्टिअरिंग, पेडल आणि गिअर हा सगळा थाट त्यात होता. दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, अटारीच्याच स्प्रिंट २ मधलं स्टिअरिंग हवं तितकं गोल फिरायचं. त्याच्या मागे खाचा पाडलेली एक चकती असते. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर, आणि मधे किती खाचा गेल्या ते मोजायचं. घासणारं काहीच नाही! म्हणजे न झिजणारा उपाय जवळजवळ पहिल्यापासून माहीत होता. त्याची अडचण वेगळी. चकतीला आपण किती हललो ते कळतं, पण आत्ता कुठे आहोत ते कळत नाही. घरगुती स्टिअरिंग चालू केल्यावर स्वतःच डावी-उजवीकडे फिरून घेतं, ते त्यासाठीच. पॉटला मात्र आपली जागा कायम ठाऊक असते. सेगाच्या १९८६ च्या आउट रनमध्ये स्टिअरिंगला पॉटच होता. आर्केडमध्ये ते चालून जायचं, कारण बिघडलं की तंत्रज्ञ येऊन भाग बदलत असे.

घरात पॉट पक्का रुजला तो आयबीएममुळे. १९८१ साली आयबीएमने पीसीसाठी गेम अडॅप्टर काढला. त्याची पद्धत मजेशीर होती. एक कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून रेझिस्टन्स ओळखायचा. म्हणजे संगणकाला फक्त रेझिस्टन्सचीच भाषा कळत होती. नव्वदच्या दशकात पीसीसाठी स्टिअरिंग आणि पेडलं आली, तेव्हा त्यांना पॉटवाचून पर्यायच नव्हता.

१९९६ मध्ये यूएसबी आलं आणि ही सक्ती संपली. मोजमाप आता पेडलच्या आतच करता येऊ लागलं. घासल्याशिवाय मोजण्याची युक्ती तर कधीचीच होती. एडविन हॉलने १८७९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यावर दाखवून दिलं होतं की चुंबक जवळ आणला की वाहत्या विजेला आडवं व्होल्टेज तयार होतं. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या हातातल्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर आलेही. तरी २०१५ च्या लॉजिटेक जी२९ च्या पेडलमध्ये पॉटच होते. सक्ती गेली, पण स्वस्ताई उरली.

आता महाग पेडलमध्ये हॉल सेन्सर असतो, आणि ब्रेकला लोड सेल. लोड सेल पेडल किती सरकलं ते बघतच नाही, किती जोर लावला ते मोजतो. धातूवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजची ही युक्ती १९३८ सालची. खरी गाडी चालवणाराही ब्रेक जोरानेच ओळखतो, त्यामुळे टिकाऊपणाबरोबर चालवणंही सुधारलं.

मग झीज संपली का? नाही, तिने फक्त जागा बदलली. जोर देणारं स्टिअरिंग आलं तशी आत मोटर आली, आणि मोटरबरोबर उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. शिवाय काही मरणं झिजण्याने येतच नाहीत. विंडोज व्हिस्टाने २००७ मध्ये जुन्या गेम पोर्टचा आधारच काढून घेतला. त्या दिवशी कितीतरी पेडलं आतून ठणठणीत असताना निकामी झाली. कारण त्यांची भाषा समजणारं कोणी उरलं नाही.

म्हणून मला वाटतं, टिकाऊपणा म्हणजे केवळ भाग किती वर्षं चालतो एवढंच नाही. तो बिघडल्यावर आपला हात तिथवर पोचतो का, हेही त्यात येतं. पॉट लवकर झिजतो, पण तो चार स्क्रूंच्या पलीकडे आहे आणि चहाच्या पैशात मिळतो. हॉल सेन्सर खूप जास्त टिकेल, पण सर्किटवर चिकटलेला तो इवलासा तुकडा गेला तर मी काय करणार आहे?

असो. शनिवारी पेडल उघडलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, दोन दिवस बरं वाटलं, मग खरखर परत. शेवटी लॅमिंग्टन रोडला जाऊन तसाच पॉट आणला आणि डाग देऊन बसवला. ब्रेकची रेघ आता सरळ आहे. फार दिवस राहणार नाही हे माहीत आहे. म्हणून झाकण लावण्याआधी आत एक चिठ्ठी चिकटवली आहे : पॉट १० किलोओहम, आणि बदलल्याची तारीख.