सागरदेवता, ग्रीक व रोमन

ग्रीक व रोमन पुराणकथांत समुद्रावर सत्ता असणाऱ्या किंवा समुद्रात वास करणाऱ्या देवदेवता. पोसायडन आणि नेपच्यून ही दोन नावे सर्वांच्या तोंडी असली, तरी हा गोतावळा त्यांच्याहून जुना आणि कितीतरी मोठा आहे.

त्यातला आद्य पुरुष ओकेआनस. आकाश व पृथ्वी यांचा हा टायटन पुत्र म्हणजे साऱ्या भूमीला वेढून वाहणारी महानदी. हीसिअडच्या ‘थिऑगनी’त त्याला टेथिसपासून तीन हजार कन्या आणि तितकेच नदीरूप पुत्र झाले. खाऱ्या पाण्याचा आदिदेव मात्र पाँटस. त्याचा मुलगा नीरियस हा सत्यवचनी वृद्ध. त्याच्या 50 मुलींपैकी थेटिस ही अकिलीसची आई, तर अँफिट्राइटी पोसायडनची राणी.

या परिवारातला सर्वांत विलक्षण देव म्हणजे प्रोटियस. ‘ओडिसी’त तो ईजिप्तजवळच्या फारोस बेटावर सील राखतो. घरची वाट विचारण्यासाठी ग्रीक राजा मेनेलाउस आणि त्याचे सोबती सीलच्या ताज्या कातड्यांखाली दबा धरून बसतात. दुर्गंधी असह्य होते, तेव्हा प्रोटियसची मुलगीच त्यांच्या नाकाखाली अमृत लावते! पकडल्यावर तो सिंह, साप, चित्ता, रानडुक्कर, पाणी आणि झाड होऊन पाहतो, पण पकड सुटत नाही. मग हार मानून तो सारे सांगतो.

पोसायडनच्या वाट्याला समुद्र आला तो चिठ्ठ्या टाकून. झ्यूसला आकाश मिळाले, हेडीसला पाताळ. मात्र पोसायडनचा त्रिशूळ जमिनीलाही हादरवी. भूकंप आणि घोडे ही दोन्ही त्याचीच क्षेत्रे. इ.स.पू. 373 मध्ये हेलिके हे शहर एका रात्रीत भूकंपाने व लाटांनी गिळले, तेव्हा लोकांनी तो पोसायडनचाच कोप मानला.

रोमनांच्या नेपच्यूनची गोष्ट वेगळी. मुळात तो गोड्या पाण्याचा देव. त्याचा सण 23 जुलैला, ऐन उन्हाळ्यात, पाण्याची ओढ लागलेली असताना येई आणि लोक डहाळ्यांच्या मांडवांखाली जमत. समुद्राचे राज्य त्याला मिळाले ते पोसायडनशी एकरूप झाल्यावर. म्हणून त्याला पोसायडनची निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे आहे. बंदरांसाठी तर रोमनांचा पोर्टुनस हा स्वतंत्र देव होता. त्याचे देऊळ रोममध्ये टायबरकाठी अजून उभे आहे. शहरातल्या 1762 मध्ये पूर्ण झालेल्या त्रेवी कारंज्यावरचा मधला पुतळाही अनेकांना नेपच्यून वाटतो. तो आहे ओकेआनस.

या परिवारातला एक देव महाराष्ट्रातही पोचला. कोल्हापूरला ब्रह्मपुरी येथे पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. सातवाहन काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराचा हा पुरावा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.